आम्हाला कुठे काय झालं?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि बसले आहे ती रागानं. राग घरातल्याच माणसांवर आहे, तेव्हा नातेवाईकांनी आधीच सावध व्हावं. बाकीच्यांनी शेजारचं भांडण ऐकायला थांबतात तसं थांबावं. भांडण आमच्या घरचं असलं तरी विषय कुणाच्याही घरचा होऊ शकतो.

झालं असं. माझा भाचा बाळू (चाळिशी उलटली, पण आम्हाला बाळूच) अमेरिकेत मिनेसोटात असतो. तो सगळा तळ्यांचा प्रदेश. तिथे गेल्यापासून त्याला गळ टाकून मासे धरायचा नाद लागला. कोकणातला मुलगा, त्यात नवल काही नाही. गळाच्या दोरीला शिशाची वजनं लागतात. ती दुकानात मिळतात, पण बाळू पडला इंजिनिअर. तयार मिळणारी वस्तू घरी केली नाही तर शिक्षण वाया गेलं असं वाटणाऱ्यांपैकी तो आहे. त्यानं एका टायरवाल्याकडून बादलीभर जुनी वजनं आणली. चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमच्या कडेला ठोकतात ना, ते शिशाचे तुकडे. मग अंगणात प्रोपेनची शेगडी मांडली. ही शेगडी तिकडे अख्खी टर्की तेलात तळायला वापरतात. खाली पाय, बाजूला गॅसची टाकी, आणि जाळ असा की लग्नातल्या आचाऱ्याची भट्टी आठवावी. तिच्यावर जुन्या बाजारातून आणलेलं बिडाचं भांडं. त्यात शिसं वितळवलं, मेणाचा तुकडा टाकून ढवळलं, वर आलेली राखाडी साय झाऱ्यानं काढून गवताच्या कडेला झटकली, आणि खालचं चकचकीत शिसं डावानं मफिनच्या ट्रेमध्ये ओतलं. झाल्या लगडी तयार.

याचा व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आला. अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. "भंगारातून सोनं!" असं एकानं लिहिलं. "आजोबांचा वारसा!" असं दुसऱ्यानं. मी मात्र तो व्हिडिओ तीनदा पाहिला, तो शेवटच्या चार सेकंदांसाठी. शेवटी मागचं दार उघडतं, बाळूची अडीच वर्षांची लेक अनवाणी गवतातून धावत येते आणि बाबाच्या पायाला मिठी मारते. ज्या पँटला हात पुसत तो इतका वेळ काम करत होता, त्याच पँटला.

मी लिहिलं, "बाळू, हे बंद कर." झालं! मावशी म्हातारी झाली, मावशीला घाबरायची सवय आहे, मावशीचं बी.ए. मराठीचं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रसायनशास्त्राशी माझा संबंध जुन्या अकरावीपर्यंतचा. म्हणून हे लिहिण्याआधी मी माझ्या एका विद्यार्थिनीला, जी आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, फोन करून एकेक मुद्दा तपासून घेतला. आता ग्रुपवर जी उत्तरं आली ती क्रमानं घेते.

पहिलं उत्तर बाळूचं. "मावशी, मी बाहेर करतो. घरात नाही. वारा असतो."

अरे, बाहेर म्हणजे कुठे? वारा काही शिसं गिळून टाकत नाही. तो ते इकडून उचलून तिकडे ठेवतो. ते गवतावर बसतं, पायरीवर बसतं, तुझ्या बुटांना लागून दिवाणखान्यात येतं, शेजारच्याच्या वाफ्यात जाऊन पडतं. पालापाचोळा कुजतो, कागद कुजतो, शिसं कुजत नाही. आज पडलेलं शिसं तुझी लेक कॉलेजात जाईल तेव्हाही त्याच मातीत असेल. शिशाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं कारखान्यात पाऊलही न ठेवता आजारी पडलेली आहेत, बापाच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीनं. म्हणून तर तिथे कपडे बदलून, अंघोळ करून मग घरी जायचा नियम असतो. तुझ्या अंगणाला असा नियम कोण लावणार?

दुसरं उत्तरही बाळूचंच, आणि ते जरा वजनदार आहे. "शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि उकळतं १७४९ अंशांना. माझी शेगडी तिथपर्यंत जातच नाही. मग वाफ येईल कुठून?"

यात अर्धं बरोबर आहे, ते मी मान्य करते. नुकतंच वितळलेलं शिसं फार थोडी वाफ सोडतं. पण बाळू, पाणी शंभर अंशांना उकळतं, मग दोरीवरचे कपडे कसे रे वाळतात? उकळल्याशिवाय वाफ होत नाही असं थोडंच आहे? शिसं जसजसं तापेल तशी वाफ वाढते, आणि तुझ्या त्या भट्टीसारख्या शेगडीवर ते पाचशेच्या पुढे कधी जाईल ते तुला डोळ्यांनी कळणार नाही. शिवाय दव पडलेला एखादा ओला तुकडा त्यात पडला तर पाण्याची एका क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं कारंज्यासारखं उडतं, हेही तुला माहीत असणारच.

पण खरा मुद्दा वाफेचा नाहीच. मुद्दा आहे त्या राखाडी सायीचा, जी तू झाऱ्यानं काढून गवतात झटकलीस. तापलेल्या शिशाला हवा लागली की त्याची भुकटी होते. आमच्या आजीच्या बटव्यातल्या बायकांना तिचं नाव ठाऊक होतं, मुरदाडशिंग. तीच आणखी भाजली की होतो शेंदूर. अस्सल शेंदूर म्हणजे जाळलेलं शिसंच. आता विचार कर. शिशाची अखंड लगड हातात घेतली तर कातडीतून फारसं काही शरीरात जात नाही. पण ही भुकटी बोटांना चिकटते, नखांत बसते, श्वासावाटे जाते. आणि अडीच वर्षांचं मूल दिवसातून कितीदा बोट तोंडात घालतं ते तुझ्या आईला विचार. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी थोडंच अंगात मुरतं. लहान मुलाच्या अंगात त्याच्या चार-पाच पट मुरतं. वाढत्या हाडांना कॅल्शियम हवं असतं, आणि शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन आत शिरतं. हाडांत एकदा बसलं की वर्षानुवर्षं मुक्काम.

तिसरं उत्तर आमच्या जावईबापूंचं. "जुन्या वस्तूंचा पुनर्वापर होतोय, त्यात वाईट काय?"

काहीच नाही. शिसं पुन:पुन्हा वितळवून वापरता येतं, आणि जगात वापरलं जातं. पण ते बंद भट्टीत, धूर गाळून, धूळ अडवून. आपल्याकडेही २००१ साली जुन्या बॅटऱ्यांचे नियम झाले आणि २०२२ साली नवे आले, ते जुनी बॅटरी परवानगी असलेल्या ठिकाणी जावी म्हणूनच. ते न झाल्यास काय होतं, ते सेनेगल देशात दिसलं. डाकार शहराजवळ थियारोय सुर मेर नावाची समुद्रकाठची गरीब वस्ती आहे. तिथे वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. शिशाचा भाव चढला तेव्हा लोक तिथली माती खणून, घरी नेऊन, चाळून शिसं वेचायला लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात १८ लहान मुलं गेली. तोही पुनर्वापरच होता.

बाळूची एक बादली म्हणजे थियारोय नव्हे, हे मला कळतं. पण ही गोष्ट प्रमाणाची आहे, तेव्हा प्रमाणाचंच बोलू. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच ठाऊक नाही. अमेरिकेत मुलाच्या रक्तात डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तर चिंता करा, असं १९९१ साली ठरलं होतं. २०१२ साली तो आकडा ५ झाला, २०२१ साली ३.५. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे मायक्रोग्रॅम. तुझी बादली किती किलोची होती बाळू?

आता शेवटचं उत्तर. ते माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं, बाळूच्या आईचं. "ताई, तू विसरलीस का? आपल्या गावात पाग विणणारे घरोघरी शिसं वितळवायचे. आपण कडेला उभं राहून बघायचो. आम्हाला कुठे काय झालं?"

या वाक्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

हे वाक्य नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरनं गाडीचं इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळायची युक्ती शोधली. १९२४ साली न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तेव्हा या मिजलीनं पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर त्या द्रवानं हात धुतले, त्याचा वास घेतला, आणि सांगितलं की बघा, मला काही होत नाही. याच गृहस्थाला आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे कामावरून सुट्टी घेऊन हवापालटाला जावं लागलं होतं! "मला कुठे काय झालं" यावर जगानं विश्वास ठेवला, आणि तेच पेट्रोल कित्येक दशकं जळलं. भारतात ते २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, त्यानं २०२१ साली बंद केलं.

आणि आम्हाला काही झालं नाही, हे आम्हाला कसं कळलं गं? कुणाचं रक्त तपासलं होतं? मुलांच्या बाबतीत शिशाची पंचाईत हीच आहे. ताप येत नाही, पुरळ येत नाही. मूल जेवतं, खेळतं. फक्त जेवढं हुशार झालं असतं त्यापेक्षा थोडं कमी होतं. जेवढं शांत बसलं असतं तेवढं बसत नाही. जे झालंच नाही ते दिसणार कसं?

आता मी जे सांगणार आहे ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

साधारण १९८४ सालची गोष्ट. मी कोकणात एका खाडीकाठच्या गावातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. सहावीत एक मुलगा होता, त्याचं नाव लिहीत नाही. सांगितलेलं लक्षात ठेवायचा नाही. दोन गोष्टी सांगितल्या तर एक करायचा. शुद्धलेखनाच्या मधेच खिडकीबाहेर बघत बसायचा, आणि हटकलं की चिडून वही फेकायचा. मी त्याला वर्गात 'मठ्ठ' म्हणत असे. अंगठे धरून उभं करत असे. प्रगतिपुस्तकावर माझ्या अक्षरात लिहिलेलं मला आजही आठवतं, "लक्ष नाही. चिकाटी नाही. सूचना पाळत नाही."

एकदा तो आठवडाभर आला नाही म्हणून मी घरी गेले. परसात चूल पेटलेली होती. वडील हायवेवरच्या गॅरेजांतून जुन्या बॅटऱ्या आणून फोडत, त्यातलं शिसं वितळवत आणि पागांसाठी गोळ्या पाडून गावोगाव विकत. चुलीपाशी हा बसला होता, फुंकणी घेऊन. फुंकून फुंकून डोळे लाल झालेले. त्याच्या मागे ओटीवर त्याची धाकटी बहीण रांगत होती. मला बघून तो घाबरून उभा राहिला. त्याच्या आईनं मला गुळाचा चहा दिला. मी चहा प्यायले आणि म्हणाले, "अहो, याला अभ्यासाला बसवत जा. नाहीतर जन्मभर शिसंच वितळवत बसेल." एवढं बोलून मी निघून आले. समोर चूल होती, भांडं होतं, मूल होतं, आणि मला दिसलं काय, तर आळस.

पुढे निवृत्तीनंतर, वाचायला वेळ मिळाला तेव्हा, हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांच्या कामाबद्दल वाचनात आलं. १९७९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले आणि त्यांतलं शिसं मोजलं. त्याबरोबर दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल त्यांच्या शिक्षकांना काही प्रश्न विचारले. मुलाचं लक्ष विचलित होतं का, चिकाटी आहे का, लवकर वैतागतं का, दिवास्वप्नात असतं का, साध्या सूचना पाळता येतात का? कुणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. दातातलं शिसं जसजसं वाढत गेलं, तसतशा शिक्षकांच्या तक्रारी वाढत गेलेल्या आढळल्या. ही मुलं आजारी म्हणून दवाखान्यात आलेली नव्हती. वर्गात बसणारी, चारचौघांसारखी मुलं होती.

ते प्रश्न वाचताना माझे हात थांबले. ते माझेच शेरे होते. जवळजवळ शब्दाला शब्द.

त्या मुलाच्या रक्तात शिसं होतं असं मी म्हणू शकत नाही. कुणी तपासलंच नाही. तो कदाचित उपाशी येत असेल, रात्री झोपत नसेल, कदाचित मीच वाईट शिकवत असेन. पण मी त्याला जे म्हटलं ते म्हणायचा मला अधिकार नव्हता, एवढं मात्र नक्की. सातवीत नापास होऊन त्यानं शाळा सोडली. दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या स्टँडवर भेटला. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. भर स्टँडवर वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "बाई, तुमचा तो मठ्ठ मी." माझी एस. टी. लागली होती. मी "बरा आहेस ना?" एवढंच विचारलं आणि गाडीत चढले. मला बोलायला हवं होतं. बोलले नाही.

तेव्हा धाकटे, "आम्हाला कुठे काय झालं" असं म्हणताना आपण कडेला उभ्या राहून बघणाऱ्या होतो, हे विसरू नकोस. चुलीपाशी बसणाऱ्याला विचारल्याशिवाय हे वाक्य पुरं होत नाही. आणि तो एकटाही नाही. बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशननं १९९९ साली आपल्या मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, तर निम्म्याहून अधिक मुलं त्या वेळच्या १० च्या मर्यादेच्याही वर निघाली. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालात अंदाज आला की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. आपल्या गावातल्या त्या बापाला पर्याय नव्हता. पोट होतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं. सांगायला गेलेली शिक्षिका चहा पिऊन परत आली. बाळू, तुला पर्याय आहे. तुला हे कळतं. तुझं पोट शिशावर नाही. गरिबानं नाइलाजानं केलेली गोष्ट तू हौसेनं करायची आणि तिला वारसा म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

तुझ्या मिनेसोटाचा राज्यपक्षी लून, तो पोटात अन्न दळायला तळाचे खडे गिळतो. त्या खड्यांत गळाचं तुटलेलं शिसं गेलं तर एवढ्याशा तुकड्यानं मरतो. इंग्लंडात हंस मरायला लागले म्हणून १९८७ साली गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. तरी लोक तिथे अजून मासे धरतात. कथील, पोलाद, टंगस्टन यांची वजनं मिळतात, जरा महाग. तेवढं तुला परवडतं.

तर आता सांगते ते ऐक. लगडी, बादली, भांडं, झारा, डाव आणि तो मफिनचा ट्रे, सगळं एका डब्यात बंद कर आणि तुमच्याकडे धोकादायक कचरा घेतात तिथे नेऊन दे. ट्रे घासून पुन्हा ओव्हनमध्ये घालशील तर याद राख. कामाचे कपडे वेगळे धू. पायरी आणि आतली जमीन झाडू नकोस, ओल्या फडक्यानं पुस. साय टाकलीस तिथे मुलीला खेळू देऊ नकोस, आणि त्या मातीचं काय करायचं ते तुमच्याकडच्या आरोग्य खात्याला विचार. आणि या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेऊन रक्तातलं शिसं तपासून घे. साधी तपासणी आहे. आकडा कमी आला तर मी पहिली आनंदानं नाचेन, आणि मावशी उगाच घाबरते असं तू खुशाल ग्रुपवर लिही. आकडा जास्त आला तर वेळीच कळेल. औषधांनी रक्तातलं शिसं उतरवता येतं, पण मुलाचं जे हरवलं ते त्यानं परत येत नाही. म्हणून घाई.

बाकीच्यांनी बाळूला दोष देण्याआधी आपापल्या गावी जाल तेव्हा बघा, परसात कुणी बॅटरी फोडतंय का. आणि चूल दिसली तर माझ्यासारखा चहा पिऊन परत येऊ नका. दोन शब्द बोला. मुलाला आळशी म्हणू नका.

मी पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे. त्या मुलाचं घर अजून तिथेच आहे असं कळलं. मुलगा कसला, पन्नाशी उलटली असेल त्याची. माझं काम आहे त्याच्याकडे.

बाळू, रविवारी फोन कर. इकडचं तिकडचं नको. फक्त आकडा सांग.

तुझी मावशी